महानगराची नोंदवही



गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी आपण मला पाचारण केलेत, हा मी माझा बहुमान समजतो. आयुष्यभर मराठीचे अध्यापन केलेल्या माणसाने संतवाङ्मयावर किंवा कवितेवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असेल. मी मात्र आज मोठ्या शहरातील गुन्हे आणि मृत्यू यांच्या सार्वजनिक आकडेवारीविषयी बोलणार आहे. विषय रुक्ष वाटेल. पण तो मला गुरुजींनीच दिला आहे.

गुरुजींचा हजेरीपट आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. मूल तीन दिवस आले नाही की ते शाळा सुटल्यावर त्याच्या वाडीवर जात आणि परतल्यावर शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहीत. ताप. बाप लाकूडकामावर. नदीला पाणी. एकदा एका नावापुढे ‘मयत’ एवढाच शब्द लिहून ते बराच वेळ खुर्चीत बसून राहिले होते. नुसते ‘गैरहजर’ लिहिणे हा त्यांच्या लेखी आळस होता.

आता या रानातून मुंबईकडे वळायचे ते एका घरगुती कारणाने. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला जिल्हा मुंबई राज्यात होता. पोट भरायचे तर मुंबई, ही समजूत राज्य बदलले तरी बदलली नाही. माझे थोरले बंधू असेच गिरणीत नोकरीला गेले. दर महिन्याला त्यांची मनिऑर्डर येई. १९७१ च्या पावसाळ्यात ती थांबली. वडील मुंबईस जाऊन आले. खोलीवरच्या सोबत्यांना एवढेच ठाऊक होते, की रात्रपाळीला गेलेला माणूस परतला नाही. वहिनींनी कुंकू पुसले नाही. पुसणार तरी कशाच्या आधारावर? सात वर्षे माणसाची काहीच खबर नसेल तर तो मृत मानता येतो, असे कायदा म्हणतो. परंतु कायद्याची सात वर्षे आणि बाईची सात वर्षे यांची लांबी एक नसते.

पुढे १९७९ साली उत्तरपत्रिका तपासण्याच्या कामासाठी मी मुंबईस गेलो असता एका कचेरीतील वृद्ध कारकुनाने माझी विनवणी ऐकली आणि जुने दप्तर सोडले. त्यात एक ओळ होती : ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३०, अंगात खाकी सदरा, उजव्या हातावर रवळनाथ असे गोंदलेले, रुळांवर मिळून आला.’ आम्ही आठ वर्षे ज्यांना हरवलेले समजत होतो, ते शहराच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून मेलेले होते. त्यांची मोजदाद झाली होती. त्यांना कोणी ओळखले नव्हते एवढेच.

त्या ओळीवर मी पुष्कळ विचार केला. ज्या हवालदाराने हातावरचे गोंदण टिपले, त्याचे आमच्या घरावर ऋण आहे. परंतु ती ओळ आठ वर्षे कपाटात बंद राहिली, हे दुःखही तितकेच खरे आहे. नोंद करणे हे अर्धे काम झाले. ती लोकांच्या दृष्टीस पडेल अशी ठेवणे हे उरलेले अर्धे.

शहराची ही नोंदवही वाचायची कशी? येथे मी माझ्या व्यवसायाकडे वळतो. जुन्या ग्रंथाचे संपादन करताना आम्ही एकाच पोथीवर विसंबत नाही. निरनिराळ्या प्रती समोर ठेवतो, पाठभेद पाहतो आणि लेखनिकाने काय गाळले असावे याचा शोध घेतो. महानगरातील मृत्यूंच्याही अशा अनेक प्रती असतात. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यानुसार नगरपालिकेची एक नोंद. अनैसर्गिक मृत्यू असेल तर पोलिसांची ‘अकस्मात मृत्यू’ ही दुसरी. रुळांवरचा मृत्यू असेल तर रेल्वेची तिसरी. पोलिसांकडील माहितीवरून राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालय दरसाल दोन ग्रंथ काढते. गुन्ह्यांच्या ग्रंथाची परंपरा १९५३ पासूनची, तर अपघाती मृत्यू आणि आत्महत्या यांच्या ग्रंथाची १९६७ पासूनची. वीस लाखांहून अधिक वस्तीच्या महानगरांचे कोष्टक गुन्ह्यांच्या ग्रंथात वेगळे असते; मुंबई, पुणे आणि नागपूर ही त्यांपैकीच.

या प्रतींतील एका शब्दाने काय घडते पाहा. माणूस लोकलमधून पडून मेला तर १९८९ च्या रेल्वे कायद्याखाली त्याच्या वारसांना भरपाई मागता येते. १ जानेवारी २०१७ पासून ही रक्कम आठ लाख रुपये आहे. तोच माणूस ‘रूळ ओलांडताना’ मेला असे लिहिले गेले, तर तो अनधिकार प्रवेश करणारा ठरतो आणि दावा बहुधा तेथेच संपतो. प्रेत तेच, रुळही तेच. बदलला तो रकाना. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या एका जनहित याचिकेत, २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २५९० माणसे दगावल्याचा आकडा मांडला गेला. म्हणजे दिवसाला सात! शिक्षकांसह एखाद्या छोट्या शाळेत असतात तितकी माणसे आठवड्याला नाहीशी व्हावीत आणि तिसऱ्या पानावर चार ओळी याव्यात, असे हे चालले आहे.

गुन्ह्यांच्या आकड्यांतही असाच पाठविचार लागतो. एका फिर्यादीत अनेक अपराध असतील तर राष्ट्रीय कोष्टकात त्यांतील सर्वांत गंभीर तेवढा मोजला जातो. बलात्कार करून खून केला असेल, तर ती नोंद खुनात जाते. शिवाय कोष्टकात येतो तो नोंदलेला गुन्हा, घडलेला नव्हे. ज्या ठाण्यात फिर्याद सहज लिहून घेतली जाते, तेथील आकडा फुगलेला दिसतो. जेथे फिर्यादीला दारातूनच परत पाठवतात, तो भाग कागदोपत्री शांत असतो. वाढलेला आकडा म्हणजे वाढलेली गुन्हेगारी, असा सरसकट अर्थ लावून आपण प्रामाणिक अधिकाऱ्याला शिक्षा करतो आणि दार लावून बसलेल्याला बक्षीस देतो.

आकडे उघडे असल्याने काय साधते, याचे उदाहरण इतिहासात आहे. लंडनमध्ये दर आठवड्याला मृतांच्या याद्या छापून विकल्या जात. त्यांचा अभ्यास करून जॉन ग्राँट या कापडाच्या व्यापाऱ्याने १६६२ साली एक पुस्तक लिहिले आणि तेथून लोकसंख्याशास्त्राचा आरंभ झाला. तो वैद्य नव्हता, अधिकारीही नव्हता. याद्या त्याला मिळू शकल्या, हेच त्याचे भांडवल.

उलट उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागातील ताप म्हणजे प्लेग आहे, हे गोमंतकीय वंशाच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखले. पुढे घरझडत्या आणि सक्तीचे विलगीकरण सुरू होताच लोक रोगीच नव्हे, तर प्रेतेही लपवू लागले. नोंदवही ही धाकाची वस्तू झाली की तिच्यातील आकडे खोटे होतात. लोकांचा विश्वास हीच तिची शाई असते.

हा धडा जुना झालेला नाही. करोनाच्या साथीत, १६ जून २०२० रोजी, आधी हिशेबात न आलेले १३२८ मृत्यू महाराष्ट्र शासनाने आपल्या यादीत घातले. त्यांतील ८६२ एकट्या मुंबईचे होते. चूक झाली हे वाईटच. परंतु प्रती ताडून पाहिल्या गेल्या आणि दुरुस्ती जाहीरपणे झाली, याचे मोल मी मानतो. अशुद्ध पोथी शुद्ध करता येते. लपवलेल्या पोथीचे काय करणार?

मग आपण काय करावे? या शाळेचे कितीतरी विद्यार्थी आज मुंबई, पुणे, बेळगाव येथे आहेत. त्यांना माझे सांगणे तीन गोष्टींचे. घरात मृत्यू झाला तर एकवीस दिवसांच्या आत नोंद करा आणि कारणाचा रकाना नीट भरला आहे की नाही हे पाहा. कोणताही आकडा वाचताना तो कोणी, कशासाठी आणि कोणत्या व्याख्येने मोजला हे विचारा. आणि जो आकडा दडवला आहे असे वाटेल, तो मागा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने ती वाट मोकळी केली आहे. मात्र मृताच्या नावाची आणि त्याच्या घरच्यांची अब्रू राखूनच हे सारे व्हावे. उघडी हवी ती नोंद. कुणाच्या दुःखाचे प्रदर्शन नव्हे.

काल संध्याकाळी काळी नदीच्या बाजूने येताना मला एक गोष्ट सांगण्यात आली. आपल्या या जंगलात वाघांची मोजणी होते तेव्हा प्रत्येक वाघाचे छायाचित्र घेतात आणि पट्ट्यांवरून त्याची वेगळी ओळख ठरवतात. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात. मला मनापासून आनंद झाला. आणि लगेच हातावरचे ते गोंदण आठवले.

मुंबईहून परतल्यावर मी ती ओळ वहिनींना वाचून दाखवली. त्यांनी ती तीनदा वाचायला लावली. मग म्हणाल्या, “भाऊजी, कुणीतरी त्यांचा हात हातात घेऊन वाचला होता म्हणायचा.” त्या दिवशी आमच्या घरात आठ वर्षांनी रडणे झाले, आणि तेराव्या दिवशी सर्वजण पुन्हा नीट जेवले.

गुरुजी शेऱ्याचा रकाना कोरा ठेवत नसत. आपल्या महानगरांनीही तो कोरा ठेवू नये, आणि ठेवलाच तर आपण विचारल्याखेरीज राहू नये, एवढेच मागणे त्यांच्या स्मृतीस वंदन करून आपल्यापुढे ठेवतो.