बागेतली गर्दी कोणाची?

(वस्तीपातळीवरील महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज बागेविषयी बोलायचं म्हटल्यावर काहीजणी हसल्या. पाणी, रेशन, घरातली मारहाण हे सगळं समोर असताना बाग कशाला? मी एवढंच विचारते, गेल्या महिन्यात तुमच्यापैकी कितीजणी बागेत नुसत्या बसल्या? पोराला झोक्यावर न्यायला गेलात ते धरू नका. काहीही न करता, दहा मिनिटं? बघा, किती हात वर आले ते.

बागांमधली गर्दी वाढली ही तक्रार खरीच आहे. मुंबईत सर्वांना खुली असलेली मोकळी जागा माणशी जेमतेम सव्वा चौरस मीटर भरते, असं अभ्यासक सांगतात. एक चटईसुद्धा नीट पसरता येणार नाही. तेव्हा गर्दीचं नियोजन हवंच. प्रश्न असा की नियोजन म्हणजे कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर ठेवायचं?

आपल्याकडचे उपाय ठरलेले. पहिला, दुपारी कुलूप. घरकाम करणाऱ्या बाईला सकाळची आणि संध्याकाळची कामं यांच्यामध्ये दुपारचीच सवड असते. नेमकी तेव्हा बाग बंद! ती मग जिन्यात बसते, नाहीतर फुटपाथवर.

दुसरा, तिकीट. 2025 साली मुंबईत मलबार हिलवर झाडांमधून जाणारा उंच लाकडी मार्ग खुला झाला. तिकीट 25 रुपये, वेळ आधी संगणकावर किंवा मोबाइलवर ठरवायची. अशा मार्गावर माणसं मोजूनच सोडावी लागतात, हे मला मान्य आहे. पण जिच्या हातात स्वतःचा मोबाइल नाही, दोन पोरं आणि सासू यांच्यासह जिला जायचंय, ती या हिशेबात कुठे बसते? तोच नियम उद्या साध्या बागेला लागला तर?

तिसरा उपाय, महिलांसाठी राखीव बाग. तिथे मोकळा श्वास घेता येतो, मी नाकारत नाही. पण एक बाग आपल्याला देऊन बाकीच्या नऊ त्यांच्या नावावर करून द्यायच्या का?

याहून वेगळा मार्ग आहे. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात 1990 च्या दशकात बागांची पाहणी झाली. नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागेतून दिसेनाशा होत होत्या, मुलगे मात्र येतच होते. कारण काय, तर मधे एकच मोठं मैदान, आणि जागेसाठी झटापट झाली की मुली माघार घेत. मग 1999 मध्ये दोन बागा नव्याने आखल्या. मोठ्या जागेचे छोटे भाग केले, पायवाटा वाढवल्या, बॅडमिंटन-व्हॉलीबॉलची सोय केली. मुली परत येऊ लागल्या. मुलग्यांना कोणी हाकललं नव्हतं. म्हणजे गर्दीला वाट करून देता येते, फाटक लावणं हा एकच इलाज नाही.

आपण काय करायचं? आधी मोजायचं. मुंबईत 2011 पासून बायकांनी मुताऱ्यांच्या प्रश्नावर मोहीम चालवली, तीही पाहणीपासूनच सुरू झाली. पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे, हे त्यांनी जागोजागी जाऊन नोंदवलं, म्हणून पालिकेला उत्तर द्यावं लागलं.

प्रत्येक मंडळाने आपल्या जवळची एक बाग घ्यावी. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, दिवेलागणीनंतर जाऊन लिहावं: बायका किती, पुरुष किती? मुली कोणत्या वयाच्या? बाकांवर कोण बसलंय, कडेला उभं कोण? संडास उघडा आहे का, आत पाणी आहे का? दिवे कुठे बंद आहेत? कुलूप असेल तर बाहेर कोण थांबलंय?

हे कागद घेऊन आपण वॉर्ड ऑफिसात जाऊ. मागणी साधी आहे: बाग दुपारी उघडी ठेवा, संडास चालू ठेवा, दिवे लावा, आणि बाग आखताना आम्हाला विचारा.

आणि हो, मोजायला जाल तेव्हा दहा मिनिटं जास्तीची काढा. नुसत्या बसा. कोणी विचारलं, "काय काम आहे?" तर सांगा, काही नाही.