पाचव्या महिन्याचे आकडे

आदिलाबाद जिल्ह्यातील बेला आणि जैनथ हा भाग पैनगंगेला लागून आहे. नदीपलीकडे महाराष्ट्र, अलीकडे दप्तर तेलुगूचे, परंतु कित्येक घरांतील बोली मराठीच. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, २०१४ साली तेलंगण वेगळे झाले, २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले; चुलीपुढची भाषा मात्र पालटली नाही. अशाच एखाद्या घरातील सून पाचव्या महिन्यात तपासणीला जाते आणि कार्ड घेऊन परत येते. त्यावरील तेलुगु अक्षरे तिला लागत नाहीत. ‘सगळं ठीक आहे म्हणाले, आत्याबाई,’ एवढे सासूला सांगून ती कार्ड ट्रंकेत ठेवून देते.

चूक होते ती येथे. अक्षरे परकी असली तरी आकडे परके नसतात.

पाचवा महिना हा गर्भारपणाचा मध्य. ओकाऱ्या बहुधा थांबलेल्या असतात, अन्न गोड लागू लागते, शेवटचे जडपण अजून दूर असते. म्हणूनच हा काळ फसवा. या दिवसांत रक्तातील पाण्याचा अंश झपाट्याने वाढतो, तांबड्या पेशी त्या मानाने कमी वाढतात, आणि रक्त पातळ होते. मुळात लोह कमी असेल तर थोडा दम लागतो, यापलीकडे आईला काही जाणवत नाही. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की तो रक्तक्षय होय. डिसेंबर २०२२ मध्ये तेलंगण सरकारने रक्तक्षयावर उपाय म्हणून नऊ जिल्ह्यांत गरोदर स्त्रियांना पोषण-संच देण्यास प्रारंभ केला, त्या नवांत आदिलाबाद होते. लोहाची गोळी नेमाने घ्यावी, पण चहाबरोबर नव्हे. जेवणात लिंबू असावे. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी.

दुसरा आकडा बाळाचा. विसाव्या आठवड्यात गर्भाशयाचा माथा बेंबीपाशी येतो. त्यानंतर ओटीपोटाच्या हाडापासून त्या माथ्यापर्यंतचे अंतर जितके सेंटिमीटर, तितके साधारणपणे आठवडे. दोनांचा फरक चालतो. बाळ तेव्हा सुमारे ३०० ग्रॅमचे असते आणि चोविसाव्या आठवड्यात त्याच्या दुप्पट होते. पहिलटकरणीला त्याची हालचाल बहुधा अठराव्या ते विसाव्या आठवड्यात कळते. आईचे वजनही आता महिन्याला दोन किलोंच्या आसपास वाढावे.

‘मोजू नये गं, दृष्ट लागते,’ असे सासू म्हणेल. त्यात मायाच आहे. परंतु कापूस विकताना काट्यावरचा आकडा दोनदा पाहणारे घर सुनेच्या वजनाचा आकडा एकदाही पाहत नाही, याचा विचार व्हावा. बाळ मोठे होऊन बाळंतपण अडेल या भीतीने तिला दोन घास कमी वाढणे, हा तर उघड अपाय होय.

या मोजण्याला ऋतूचीही निकड आहे. चैत्रात जिचा पाचवा महिना, ती श्रावणात बाळंत होणार. तेव्हा ओढे भरलेले असतील, वाट चिखलाची असेल. चैत्रात उणे दिसलेले रक्त भरून काढण्यास चार महिने हाती असतात. श्रावणात चार तासही नसतात. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, सतत डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहऱ्यावर सूज, किंवा हलणारे बाळ हलेनासे होणे, यांपैकी काहीही दिसले तर मात्र पुढच्या तपासणीची वाट पाहू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

तेव्हा ट्रंकेतील कार्ड बाहेर यावे. शाळेत जाणाऱ्या नणंदेच्या वहीचे एक पान पुरे. त्यावर तारीख, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि पोटाचे माप, अशी पाच घरे आखावीत. पुढच्या खेपेला सुनेने परिचारिकेपुढे बोट ठेवून एवढेच विचारावे : ‘ताई, हा आकडा मागच्यापेक्षा वाढला का?’ तेलुगु येत नसले तरी हा प्रश्न कळतो, आणि त्याचे उत्तर देणे भाग पडते.