कमरेचे शस्त्र : दिसणारे की झाकलेले?

(सेलू येथे खंडेनवमीनिमित्त झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



खंडेनवमीला मराठवाड्यातील घराघरांत पाटावर जे मांडले जाते, त्यात शस्त्रे थोडी आणि अवजारेच फार असतात. शेतकऱ्याचा विळा, सुताराचा वाकस, मोंढ्यातील व्यापाऱ्याचा तराजू आणि खतावणी. एखाद्या जुन्या वाड्यात पणजोबांची तलवार निघते. तिची मूठ पुसली जाते, हळदकुंकू लागते. पाते म्यानातून बाहेर येतेच असे नाही. क्वचित एखाद्या घरी मात्र त्याच पाटावर परवान्याचे पिस्तूल असते. पूजेच्या दिवशी त्याची जागा ठरलेली असते. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस ते कोठे असावे? सदऱ्यावर, चारचौघांना दिसेल असे, की सदऱ्याखाली, कोणाला कळणारही नाही असे? प्रश्न वरवर पोशाखाचा वाटतो. वस्तुत: तो माणसाने शस्त्र कशासाठी घेतले, याचा आहे.

समजा, सेलूच्या मोंढ्यातील एखादा आडत व्यापारी आहे. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम भरात येतो, जिनिंगची धुराडी आणि काटे रात्री उशिरापर्यंत चालू राहतात. व्यवहार बँकेच्या खात्यातून होऊ लागले तरी हमाली, भाडे, शेतकऱ्याची तातडीची उचल यासाठी रोकड लागतेच. पाथरी किंवा जिंतूरच्या रस्त्याने रात्री मोटारसायकलवर परतताना मनात धास्ती असते. असा माणूस जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करतो, पोलिसांची चौकशी होते, शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि यथावकाश परवाना हाती पडतो. त्यात गैर काहीच नाही. स्वत:च्या आणि दुसऱ्याच्या जीविताचे, मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क कायद्याने मान्य केलेला आहे. पूर्वी तो भारतीय दंड विधानात होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. मात्र बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही, ही मर्यादा पूर्वीही होती आणि आजही आहे.

परवाना मिळाल्यानंतर पहिल्याच दिवशी त्या व्यापाऱ्यासमोर कमरेचा प्रश्न उभा राहतो. घरातून सल्ले सुरू होतात. मित्र म्हणतात, दिसू दे, म्हणजे कोणी वाटेला जाणार नाही. वडीलधारे म्हणतात, कोणाला कळता कामा नये. ज्याची अडचण सर्वांत खरी असते ती गृहिणी तिसराच प्रश्न विचारते : रात्री ते ठेवायचे कोठे? घरात लहान मुले आहेत.

कायद्याने काय निवडले?

आपल्याकडे या वादाचा पहिला निकाल कायद्यानेच लावून ठेवला आहे, हे परवानाधारकांपैकीही अनेकांच्या गावी नसते. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील २०१६ च्या नियमावलीनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचे असेल तर ते त्यासाठीच बनवलेल्या होल्स्टरमध्ये वा तशाच पिशवीत, अंगाशी जोडलेले, पूर्णपणे झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे. शस्त्र परजणे, दाखवणे, उगारणे यांस सक्त मनाई आहे आणि तसे केल्यास परवाना निलंबित वा रद्द होऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल टाकले. लग्नाच्या वरातीत, मिरवणुकीत आनंदाच्या भरात गोळी झाडून कोणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली.

तरीही एक पळवाट उरतेच. चामड्याच्या बंद होल्स्टरमध्ये शस्त्र झाकलेले, पण होल्स्टर मात्र सदऱ्यावर, पट्ट्याला, सर्वांच्या नजरेसमोर. अक्षराने कायदा पाळला, आशयाने मोडला, असा हा प्रकार. पारावर बसलेल्या पोराला ते काय आहे हे सांगावे लागत नाही.

स्वतंत्र भारताने शस्त्र हा हक्क का मानला नाही, हेही समजून घ्यावयास हवे. १८७८ च्या इंग्रजी शस्त्र कायद्याने या देशाला नि:शस्त्र केले, ही वेदना त्या काळी सर्व विचारधारांना समान होती. म्हणूनच १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने संमत केलेल्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातलेला होता. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो राज्यघटनेत यावा म्हणून आग्रह धरला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो मान्य केला नाही. असा हक्क सरसकट दिला तर तो गुन्हेगारालाही मिळेल, हा त्यांच्या उत्तराचा रोख होता. घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने नागरिकाला एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले, पण शांततेने आणि शस्त्राविना. तेव्हा परवाना ही राज्याने दिलेली सवलत आहे. ती मिरवण्यासाठी दिलेली नाही.

अमेरिकेने नेमका उलटा मार्ग घेतला. ह्यूस्टन-डॅलसकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तेथील दुकानांच्या दारावरील शस्त्रविषयक पाट्या आता सवयीच्या झाल्या आहेत. टेक्सासमध्ये १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकाला होल्स्टरमधील पिस्तूल उघडपणे बाळगता येऊ लागले आणि १ सप्टेंबर २०२१ पासून बहुतेक प्रौढांना त्यासाठी परवान्याचीही गरज उरली नाही. तेथे उघड की झाकलेले हा वाद अगदी घरगुती पातळीवर चालतो. उघड शस्त्राचे पाठीराखे म्हणतात, की ते पाहूनच हल्लेखोर माघार घेतो, वेळ आली तर ते चटकन हाती येते आणि उन्हाळ्यात वर जाड कपडा घालावा लागत नाही. दुसरी बाजू सांगते, की दरोडेखोर आधी ज्याच्या कमरेला पिस्तूल दिसते त्यालाच गाठतो. गर्दीत ते हिसकावले जाऊ शकते. आणि झाकलेल्या शस्त्राचा लाभ शेजारच्या नि:शस्त्र माणसालाही होतो, कारण कोणाजवळ काय आहे हे चोराला कळत नाही. हा शेवटचा मुद्दा विशेष विचार करण्याजोगा आहे. उघड शस्त्र एकट्याचे संरक्षण करू पाहते आणि चोराची नजर शेजाऱ्याकडे वळवते.

त्याच देशाच्या इतिहासातील एक प्रसंग मोठा बोलका आहे. २ मे १९६७ रोजी ब्लॅक पँथर संघटनेचे कृष्णवर्णीय कार्यकर्ते उघड बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात शिरले. त्याच वर्षी भरलेली बंदूक सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यास बंदी घालणारा कायदा तेथे झाला आणि त्यावर गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची स्वाक्षरी झाली. आपल्या कमरेचे शस्त्र प्रत्येकाला संरक्षण वाटते, समोरच्याच्या कमरेचे तेच शस्त्र धमकी वाटते.

मराठवाड्याची आठवण

ही गोष्ट मराठवाड्याला अमेरिकेकडून शिकण्याची आवश्यकता नाही. १९४७-४८ मध्ये सेलू आणि अवघा परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. कासीम रझवीच्या रझाकारांनी शस्त्रे लपवली नव्हती. ती घेऊन त्यांची संचलने गावोगाव होत होती. ते शस्त्र प्रत्येक वेळी चालवावे लागत नसे. बाजारातून ते नुसते फिरवले तरी काम होई, दुकानांच्या फळ्या लागत, बायका-मुलांना सीमेपलीकडे नातेवाइकांकडे पाठवण्याची तयारी सुरू होई. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले तेव्हा या भागातील सामान्य माणसाने मोकळा श्वास घेतला, तो रस्त्यावर मिरवणाऱ्या त्या हत्यारांपासून सुटका झाली म्हणूनही.

त्यानंतर पाऊणशे वर्षांनी, गोदावरीपलीकडच्या बीड जिल्ह्यात वेगळ्याच माणसांनी तीच भाषा वापरली. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून निर्घृण हत्या झाली. ती हत्या पिस्तुलाने झाली नव्हती. पण त्या निमित्ताने बीडचे जे चित्र महाराष्ट्रासमोर आले त्यात कमरेला पिस्तूल लावलेल्या छायाचित्रांचा आणि हवेत गोळ्या झाडणाऱ्या चित्रफितींचा खच होता. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना अशी छायाचित्रे तपासून परवाने रद्द करण्याचे आदेश द्यावे लागले आणि जिल्हा प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी तेव्हा जाहीरपणे मांडलेल्या आकड्यांनुसार बीडमध्ये बाराशेहून अधिक परवाने होते आणि शेजारच्या परभणीत अवघे ३२. नदीच्या अलीकडे आणि पलीकडे माणसे तीच, पिके तीच, रस्त्यावरचे भयही फारसे निराळे नाही. मग बाराशे परवाने संरक्षणासाठी लागले, असे कोणी म्हणावे? ज्या शस्त्राचे छायाचित्र काढून गावभर पाठवले जाते, ते संरक्षणाचे उरलेलेच नसते. ते मतदाराला, कंत्राटदाराला, सरपंचाला दाखवण्याचे असते.

येथे कोणी हमखास प्रतापगडाचा दाखला देतो. १० नोव्हेंबर १६५९ चा तो प्रसंग मराठी मनात कोरला गेला आहे. जरीच्या अंगरख्याखाली चिलखत, मंदिलाखाली शिरस्त्राण, मुठीत वाघनखे, अस्तनीत बिचवा. महाराजांनी जे बाळगले ते सर्व झाकलेले होते. सैन्यसुद्धा जावळीच्या रानात दडलेले होते. शस्त्र खरोखर चालवण्याची ज्याची तयारी असते त्याला ते दाखवावे लागत नाही, इतके त्यातून निश्चित घेता येईल. त्यापुढे मात्र तुलना ताणू नये. राज्य वाचवणारा राजा आणि रोकड नेणारा व्यापारी यांची जबाबदारी एक नव्हे आणि पाथरीचा रस्ता ही जावळी नव्हे.

आता पुन्हा त्या व्यापाऱ्याकडे वळू. त्याने शस्त्र सदऱ्याखाली ठेवले, योग्यच केले. पण झाकलेले शस्त्र बाहेर काढायला वेळ लागतो, ही गोष्ट त्याला कोणी स्पष्टपणे सांगितलेली नसते. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले, की साधारण २१ फुटांवरचा चाकूधारी माणूस दीड सेकंदात अंगावर येऊ शकतो, आणि तेवढाच वेळ सराव असलेल्या पोलिसाला उघड्या होल्स्टरमधून पिस्तूल काढून गोळी झाडायला लागतो. सदरा वर करून, थंडीत जाकिटाची साखळी उघडून, मोटारसायकलचा तोल सांभाळत ते काढायचे तर काय होईल? मागून दुचाकीवर येऊन डोळ्यांत मिरचीपूड फेकणाऱ्यापुढे ते कमरेलाच राहते आणि जाताना तो पिशवीबरोबर तेही घेऊन जातो. मग चोरीबरोबर शस्त्र हरवल्याची फिर्याद आणि परवान्याची चौकशी, असा दुहेरी फेरा सुरू होतो. सराव नसलेल्या माणसाने झाकून नेलेले पिस्तूल हे बहुतांशी मनाचे समाधान असते, आणि त्या समाधानापोटी तो रात्रीच्या रस्त्याने अधिक रोकड घेऊन निघाला तर त्याने धोका वाढवूनच घेतला. बँक उघडी असताना भरणा करणे, वेळ आणि वाट बदलत राहणे, सोबतीला एक माणूस घेणे, यांना कमरेच्या वस्तूइतका रुबाब नाही; म्हणूनच बहुधा ते सल्ले कोणी मनावर घेत नाही.

आणि त्या गृहिणीचा प्रश्न अजून उरलाच आहे. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायात गोळी लागली, ती त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून, घरात, ते ठेवताना सुटलेली. त्याच वर्षी ८ फेब्रुवारीला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली, ती मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याच्या पिस्तुलाने. दोन्ही शस्त्रे कायदेशीर होती. रस्त्यावर ते दिसावे की झाकावे यावर तासभर बोलणारा माणूस घरी आल्यावर ते फडताळात कपड्यांच्या घडीखाली सारतो, तेव्हा त्याच्या दृष्टीने ते झाकलेले असते. घरातल्या दहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने ते अजिबात झाकलेले नसते. त्याला ते फडताळ बापाहून चांगले ठाऊक असते. पोलादी पेटी, तिची किल्ली एकाच माणसाकडे, काडतुसे वेगळ्या कुलपात, ही व्यवस्था नसेल तर त्या घरात परवाना मागण्याआधी पेटी आणावी.

उद्या दसरा. ज्यांच्या घरी परवान्याचे शस्त्र पाटावर असेल त्यांनी ते उचलण्यापूर्वी मुलांना बाहेरच्या खोलीत पाठवावे, मॅगझीन काढावे, नळीत काडतूस उरले नाही ना हे दोनदा पाहावे, मग झेंडूचे फूल वाहावे. आणि त्या वेळी घरातील मोबाईल फोन दुसऱ्या खोलीत राहू द्यावेत.