लॉर्ड हेन्रीची गोड वाणी



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी आम्ही एका इंग्रजी कादंबरीविषयी बोलण्याचे योजिले, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु तिचा विषय आत्म्याचा नाश हा आहे. सबब तो येथे परका नाही.

ऑस्कर वाइल्ड यांची ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’ ही कथा १८९० साली एका मासिकात, व १८९१ साली वाढवून पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. डोरियन हा लंडनमधील देखणा, भोळा तरुण. बेझिल हॉलवर्ड नावाचा चित्रकार त्याची तसबीर काढीत असता तेथे लॉर्ड हेन्री वॉटन येतो. हा उमराव हजरजबाबी, रसिक व चैनी. तारुण्य चार दिवसांचे, सुख हेच जीविताचे सार, असा उपदेश तो हसत हसत करितो. ते ऐकून डोरियन भारावतो. आपण सदा तरुण राहावे व तसबिरीने वृद्ध व्हावे, म्हणून तो आपला आत्माही देऊ करितो. आणि तसेच घडते. त्याने झिडकारलेली नटी सिबिल व्हेन जीव देते. पुढे तो बेझिलचा खून करितो. त्याचे मुख निर्मळच राहते. पापाचे डाग तसबिरीवर उमटतात.

लॉर्ड हेन्री स्वतः मात्र कोणतेच घोर कर्म करीत नाही. दुसऱ्याचे आयुष्य ही त्यास केवळ करमणूक. डोरियन खुनाची गोष्ट सुचवितो, तीही तो हसण्यावारी नेतो. सारे जग मिळवून आत्मा गमावण्याविषयीचा प्रभूचा प्रश्नसुद्धा तो रस्त्यावर कानी पडलेली मौज म्हणून सांगतो. त्या वेळी डोरियन मात्र हसत नाही. आत्मा खरा आहे, हे त्यास पुरते कळलेले असते.

तथापि सर्व दोष मोह घालणाऱ्याचा नव्हे. मरणापूर्वी बेझिलने त्यास प्रार्थनेची विनवणी केली होती. ती वाट डोरियनने स्वतःच नाकारिली. अखेरीस तो तसबिरीवर सुरी चालवितो आणि आपणच मरून पडतो. उलट खुद्द वाइल्ड यांनी १९०० साली पॅरिस येथे मरणशय्येवर कॅथलिक धर्मसभेत प्रवेश केला. परतण्याचे दार शेवटच्या घटकेपर्यंत उघडे असते.

बंधुभगिनींनो, लॉर्ड हेन्री होण्यास सरदारकी लागत नाही. घरात मुलांसमक्ष आम्ही प्रार्थनेची थट्टा करितो, लबाडीस हुशारी म्हणतो, आणि विसरून जातो. बोलणारा विसरतो; ऐकणारा मात्र ते शब्द घेऊन आयुष्यभर चालतो. आमच्या जिभेचाही हिशेब प्रभू मागेल, याचे स्मरण ठेवून आम्ही आपली रजा घेतो.