तंजावरास एकट्याने जावे

आपल्यांत युरोप पाहून आलेली घरे पुष्कळ आहेत. तंजावर पाहिलेली थोडी. वास्तविक खर्च तो काय, रात्रीच्या गाडीच्या साध्या शयनयानाचा! संध्याकाळी येथून निघालेला मनुष्य पहाटे तेथे उतरतो. बृहदीश्वराच्या मंदिरात प्रवेशशुल्क नाही. त्याच्या प्राकाराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले आहे. सहकुटुंब गेल्यास मुलांची भूक आणि मोठ्यांचे गुडघे त्यापुढे पाच मिनिटे उभे राहू देत नाहीत. एकट्याने जावे, आणि ओळ अन् ओळ लावावी. जुन्या वळणाचा तो मजकूर प्रथम परका वाटतो. हलक्या आवाजात वाचला की कानाला ओळख पटते. दुपारी सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी हस्तलिखिते पाहावीत.

तेवढीही रजा नसेल, तर सिटी बसने मल्लेश्वरम गाठावे. काडु मल्लेश्वरास एकोजीराजांनी १६६९ मध्ये गाव इनाम दिल्याचा लेख आहे. (तो कन्नडात आहे, येथे मात्र शेजाऱ्याची सोबत हवी.)

'तुम्ही इकडचे कधीपासून?' असे आपल्या मुलांना वर्गात विचारतात. महाविद्यालयात जाणाऱ्यांना या सुटीत एकेकटे धाडावे. तिकिटाचे पैसे द्यावेत. कार्यक्रम मात्र आखून देऊ नये.