चर्चच्या तळघरातील वकिली

(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



अमेरिकेत काय पाहिले ते सांगा, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. तिथल्या उंच इमारती आणि बर्फ यांविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे, म्हणून मी एका तळघराविषयी बोलते. मिनेसोटा राज्यात मुलीकडे दोन वर्षे होते, तेव्हा आठवड्यातून एक संध्याकाळ मी तेथे मदतीला जात असे.

नॉर्वे, स्वीडन, जर्मनीहून आलेल्यांची त्या राज्यात मोठी वस्ती. त्यामुळे लूथरपंथी चर्चेही पुष्कळ. (खुद्द मार्टिन लूथर १५०५ साली कायद्याचा अभ्यास सोडून मठात गेले. मुलाने वकील व्हावे ही वडिलांची इच्छा राहूनच गेली!) अशाच एका चर्चच्या तळघरात गरिबांना कायद्याची मदत फुकट मिळे. घडीची टेबले, कॉफीची किटली, दोन निवृत्त वकील आणि आम्ही पाच-सहाजणी. धर्म कोणी विचारीत नसे. मिळकत किती आणि कोर्टाची तारीख कोणती, एवढेच विचारायचे.

गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्या गरिबाला सरकारने वकील दिलाच पाहिजे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली गिडियन खटल्यात ठरविले. परंतु घरमालकाने जागा खाली करण्याचा दावा लावला, तर बहुतेक ठिकाणी तसा हक्क नाही. न्यूयॉर्क शहराने गरीब भाडेकरूंना तो २०१७ मध्ये दिला, आणि तसे करणारे ते तिथले पहिलेच शहर. परदेशातून आलेल्याला देशाबाहेर काढण्याचा खटला असला तरी वकील ज्याचा त्याने पाहावा. इतका श्रीमंत देश, पण ही गोष्ट मला अखेरपर्यंत पटली नाही.

एकदा एक सोमाली बाई प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. आत कागदच कागद, निम्मी पाकिटे न फोडलेली. इंग्रजी वाचता येईना, म्हणून भीतीने तशीच ठेवलेली. एका पाकिटात समन्स निघाले, तारीख परवाची! हजर न राहिल्यास निकाल एकतर्फी होतो आणि घर जाते. आम्ही सारी पिशवी टेबलावर ओतली. थकल्याचा दावा होता त्याच महिन्यांच्या भाड्याच्या पावत्या तळाशी सापडल्या. वकील तिच्याबरोबर कोर्टात उभे राहिले आणि दावा मागे घेतला गेला. कायद्याची बाजू तिचीच होती हो. पाकीट फोडून वाचणारे कोणी नव्हते, इतकेच.

आम्हा स्वयंसेविकांना सल्ला देण्याची सक्त मनाई होती. सल्ला वकिलानेच द्यायचा. आम्ही कागद तारखेप्रमाणे लावायचे, दुभाष्या बोलवायचा, सोबत जायचे. मात्र परदेशी लोकांच्या प्रकरणांत एक सोय आहे. मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेतील प्रशिक्षित माणूस, वकील नसला तरी, सरकारच्या परवानगीने बाजू मांडू शकतो. ही सोय नसती तर लबाडांचे आणखी फावले असते. मेक्सिकोसारख्या देशांत ‘नोतारिओ’ म्हणजे मोठा कायदेपंडित. अमेरिकेत नोटरी सही-शिक्क्यापुरता. त्या नावाची पाटी लावून कितीतरी भोळ्यांना लुबाडले जाते.

आता घरचे बोलू. आपल्याकडे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ पासून अमलात आहे. त्यात स्त्रीला मिळकतीची अट नाही. नवऱ्याचा पगार कितीही असो, पोटगी असो, वाटणी असो, स्त्री म्हणून तिला मोफत वकील मागता येतो. अमेरिकेत मी हे सांगितले तेव्हा त्या वृद्ध वकिलांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली! पण आपल्यापैकी कितीजणींना हे ठाऊक आहे? आपल्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईला कोणी सांगितले आहे?

तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्हा कोर्टात प्राधिकरणाची कचेरी असते, फोन १५१००. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितले तरी तेथील विधी स्वयंसेवक अर्ज लिहून देतात. आपल्या मंडळाची खोली गुरुवारी दुपारी रिकामी असते. ज्यांच्या घरी न फोडलेली पाकिटे आहेत, त्यांना तेथे बसवून ती वाचून दाखवायला दोघीजणी पुरेत. माझे नाव मी चिटणीसबाईंकडे दिले आहे. दुसरी जागा मोकळी आहे.