आलमूतची दुसरी बाजू

इराणातला आलमूतचा किल्ला, हसन सब्बाह आणि त्याचे खंजीरवाले फिदाई ही नावं तुमच्या कानांवरून गेलेली असणारच. हल्ली व्हिडिओ गेममुळे शाळकरी पोरंही ती ओळखतात. आणि ती बागेची गोष्ट! तरुणाला गुंगीचं औषध पाजायचं, जाग आली की भोवती कारंजी, दुधामधाचे पाट, सुंदर तरुणी. मग पुन्हा गुंगी, आणि शुद्धीवर आल्यावर हुकूम : बाग परत हवी असेल तर अमक्याला मारून ये. गोष्ट झकास आहे. पण ती सांगितली कोणी, हे आपण विचारतो का?

सांगितली मार्को पोलोनं. तो इराणातून गेला 1270 नंतर. आलमूत मंगोलांच्या हाती पडलं 1256 मध्ये. म्हणजे बघा, गावात बांधाचा जुना तंटा आहे, एका पक्षाचा वाडा जळून गेलाय, माणसं परागंदा झालीत. आणि काही वर्षांनंतर मुक्कामाला आलेला पाहुणा चावडीवरच्या गप्पा ऐकून घरी जाऊन सांगतो, की त्या वाड्यात काय काय चालायचं म्हणून! आपण त्या पाहुण्याच्या साक्षीवर सातशे वर्षं निकाल देत आलोय.

बरं, त्या पक्षाचे स्वतःचे कागद कुठे गेले? अता मलिक जुवैनी नावाचा इतिहासकार आलमूत घेणाऱ्या मंगोल हुलागूखानाच्या चाकरीत होता. किल्ल्यातला ग्रंथसंग्रह त्यानं स्वतः चाळला. कुराणाच्या प्रती आणि ग्रहताऱ्यांच्या वेधाची उपकरणं बाजूला काढली, हसनचं चरित्र वाचून त्यातला मजकूर आपल्या पुस्तकासाठी घेतला, आणि बाकीचं पाखंडी साहित्य म्हणून जाळलं. हे आरोप नव्हेत, त्यानंच अभिमानानं लिहून ठेवलंय. प्रतिपक्षाच्या कारकुनानं आपले सातबारे जाळायचे आणि मग आपल्या जमिनीची हकीकत त्यानंच लिहायची, असा हा प्रकार. आणि तरीही हसनबद्दलची चांगल्यात चांगली माहिती आपल्याला त्याच कारकुनाकडून मिळते!

म्हणून म्हणतो, सांगणारा कोण ते आधी बघा.

आता खुनांबद्दल. झाले का? झाले. मी कुणावर पांघरूण घालायला आलेलो नाही. सल्जूक साम्राज्याचा वजीर निजामुल्मुल्क (हैदराबादचा निजाम नव्हे हो, त्याच्या सहाशे वर्षं आधीचा) ऑक्टोबर 1092 मध्ये इस्फहानहून बगदादला जाताना नहावंदजवळ मारला गेला. मारेकरी सूफी फकिराच्या वेषात आला होता. वजिरानं आपल्या ‘सियासतनामा’त हसनच्या पंथावर, म्हणजे इस्माइलींवर, भरपूर आग पाखडलेली होती, तेव्हा कारण उघड दिसतं. पण त्या काळातच लोक आणखी एक कुजबुज करत होते, की खुद्द सुलतान मलिकशाह वजिराला कंटाळला होता आणि हात फिदायाचा असला तरी इशारा दरबारातला असावा. पुढच्याच महिन्यात सुलतानही गेला. मग या खुनाचं श्रेय कोणाचं?

पद्धत मात्र विचार करण्यासारखी आहे. सल्जूकांकडे अफाट तुर्की फौज, यांच्याकडे डोंगरातले मूठभर किल्ले. आलमूतसुद्धा 1090 मध्ये हसननं लढून घेतलेलं नाही. किल्ल्यातली माणसं हळूहळू आपल्या पंथात ओढली, आणि जुन्या मालकाला म्हणे तीन हजार दिनारांची हुंडी दिली, जी नंतर वटलीसुद्धा! मैदानात उभं राहायची ताकद नाही. पण समोरची फौज एकेका अमिराच्या शब्दावर गोळा होते आणि तो गेला की पांगते, हे हसननं ओळखलं. त्याच्या चौतीस वर्षांच्या राजवटीत असे सुमारे पन्नास बळी गेल्याची यादी सांगतात. त्याच्यानंतर, 1129 मध्ये, दमास्कसच्या गल्ल्यांतून इस्माइली म्हणून हजारो माणसं कापली गेली. पन्नास लक्षात राहिले, हजारो विसरले गेले. कारण? पुन्हा तेच. सांगणारे कोण होते?

आणि ती गुंगी. टायरमध्ये 1192 मध्ये कॉनराड मारला गेला, जेरुसलेमचा राजा म्हणून निवड झालेला. त्याचे फिदाई मारेकरी ख्रिस्ती साधू बनून तिथे राहिले होते, लोकांत मिसळले होते, विश्वास कमावला होता. नशेत बुडालेल्या पोरांकडून हे होतं? हसननं आपल्या एका मुलाला दारू प्यायल्याच्या आरोपावरून मृत्युदंड दिला, दुसऱ्याला खुनाच्या आरोपावरून. हा माणूस कठोर म्हणा, निर्दय म्हणा, मी भांडणार नाही. पण तो नशेची बाग चालवत होता म्हणता, तेव्हा मला तुमचे कान धरावेसे वाटतात.

तीच गत शाळासोबत्यांच्या गोष्टीची. हसन, निजामुल्मुल्क आणि उमर खय्याम एका गुरूकडे शिकले, असं खय्यामच्या रुबायांच्या फिट्झजेराल्डकृत इंग्रजी भाषांतराच्या प्रस्तावनेमुळे जगभर पसरलं. माधव ज्यूलियनांच्या रुबाया वाचलेल्यांना आठवत असेल. वजीर जन्मला 1018 मध्ये, खय्याम 1048 मध्ये. तीस वर्षांचं अंतर! कसले शाळासोबती?

समोरून हात दाखवताहेत, वेळ संपत आली. सीरियातल्या इस्माइलींचा म्होरक्या रशिदुद्दीन सिनान, सुलतान सलाहुद्दीननं त्याच्या मासयाफ किल्ल्याला घातलेला वेढा, तो का उठला... राहू द्या. नसिरुद्दीन तुसीसारखा गणिती याच किल्ल्यांच्या आश्रयानं वर्षानुवर्षं लिहीत होता, एवढं मात्र टिपून ठेवा.

मुंबईचं सांगितल्याशिवाय उठणार नाही. इराणातून आलेले पहिले आगाखान, इस्माइलींचे इमाम, मुंबईत स्थायिक झाले. माझगावला हसनाबादेत त्यांची कबर आहे. 1866 मध्ये त्यांच्या अनुयायी खोजा समाजाचा खटला मुंबई हायकोर्टात चालला, तेव्हा न्यायमूर्ती अर्नूल्ड यांच्या निकालपत्रात आलमूतचा इतिहास आला. म्हणजे त्या किल्ल्याचे वारस इथे होते, जिवंत होते. त्यांच्या घराघरांतून जुन्या पोथ्या निघाल्या. इवानोव नावाच्या रशियन पंडितानं मुंबईत बसून त्या जमवल्या, छापल्या. 1946 मध्ये त्यासाठी इस्माइली सोसायटी इथेच निघाली. तंट्यातल्या दुसऱ्या पक्षाला बोलायला मिळालं ते असं, आपल्या शहरात.

तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी आजोबांच्या पेटीत खोजकी, फारसी, गुजराती, मोडी, कसलेही न वाचता येणारे जुने कागद असतील, तर ते रद्दीवाल्याला घालू नका. एखाद्या ग्रंथालयात नेऊन दाखवा, वाचणारा सापडेपर्यंत जपा.